येरमाळ्याच्या संगणकावर चाललं पाहिजे

सोलापूर-धुळे महामार्गावरचं येरमाळा हे धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्याचं गाव. महाराष्ट्र त्याला येडेश्वरी देवीचं गाव म्हणून ओळखतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो भाविक येतात, दुसऱ्या दिवशी चुनखडी वेचायला रान माणसांनी भरून जातं. एरवी वर्षभर गावाची वर्दळ साधीच : सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, बँकेची केवायसी. ही सगळी कामं आता संगणकावर होतात, म्हणजे सेवा केंद्रात होतात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या जगात ज्या विषयाकडे सगळ्यात शेवटी लक्ष दिलं जातं, तो इन्स्टॉलरचा, म्हणजे सॉफ्टवेअर संगणकात बसवणाऱ्या प्रोग्रॅमचा, विषय समजून घ्यायला अशा केंद्राइतकी चांगली जागा नाही.

अशा केंद्रातला संगणक कसा असतो? बहुधा जुना घेतलेला. बार्शी नाहीतर लातूरच्या कुणीतरी त्यावर विंडोज टाकून दिलेली. रॅम चार जीबी, सी ड्राइव्ह भरत आलेला. त्याला एक प्रिंटर, एक स्कॅनर, वेबकॅम आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र जोडलेलं. नेट कधी केबलचं, कधी मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली, तर संगणक दर वेळी सुरू होताना काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. मग सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतात, कारण त्या तारखेला त्यांचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. बाहेर बाकावर पाच-सहा माणसं बसलेली असतात. त्यात एखादी आजी असते, जिचा अंगठा वयामुळे आधीच नीट उमटत नाही.

या संगणकावर एक नवीन ठसा-यंत्र जोडायचं आहे, असं समजू. आधारच्या ओळखपडताळणीसाठी नुसतं यंत्र जोडून चालत नाही. 'आरडी सर्व्हिस' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम संगणकात सतत चालू असावा लागतो. पूर्वी ठशाचं चित्र संगणकात येई आणि मग पुढे पाठवलं जाई. मधल्या मध्ये ते साठवून पुन्हा वापरण्याचा धोका होता. म्हणून 2017 च्या सुमारास नोंदणीकृत यंत्रांची पद्धत आली. ठसा कूटबद्ध होऊनच बाहेर पडतो आणि बँकेचं किंवा योजनेचं पान त्याच संगणकातल्या या सेवेशी 11100 ते 11120 यांपैकी एखाद्या पोर्टवरून बोलतं.

आता इन्स्टॉलरचं काम मोजा. संगणक 32 बिटचा आहे की 64 बिटचा हे ओळखायचं. त्यानुसार ड्रायव्हर निवडायचा. फाइली योग्य फोल्डरमध्ये ठेवायच्या. सेवा नोंदवायची, ती संगणक सुरू होताच आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था करायची. फायरवॉलने अडवू नये म्हणून नियम घालायचा. जुनी आवृत्ती असेल तर ती थांबवून काढायची. 'प्रोग्रॅम काढा'च्या यादीत नाव टाकायचं. केंद्रचालकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती हिरवी पट्टी आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'. यांपैकी एक पायरी जरी चुकली, तरी त्याच्या तोंडी एकच वाक्य येतं : 'थम लागत नाही.' बाकावरची आजी घरी जाते.

मराठी माणसाचा इन्स्टॉलरशी संबंध फार जुना आहे, कारण आपल्याला संगणकात आधी आपली भाषाच टाकावी लागली. पुण्यात 1988 साली सी-डॅक स्थापन झालं. त्या काळात भारतीय लिप्या दाखवायला जिस्ट कार्ड असे. म्हणजे संगणकाची पेटी उघडून एक कार्ड आत बसवायचं, तेव्हा कुठे पडद्यावर देवनागरी येई. पुढे हेच काम सॉफ्टवेअरने होऊ लागलं. सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, शिवाय आकृती. डीटीपीच्या दुकानात या सॉफ्टवेअरबरोबर 'लॉक' असे, प्रिंटरच्या पोर्टला लावायची छोटी डबी. लॉकचा ड्रायव्हर नीट बसला नाही, तर लग्नपत्रिका अडकून राहत. 2001 मध्ये विंडोज एक्सपी आली. तिच्यात युनिकोड मराठीची सोय होती, पण झाकून ठेवलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची, की संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. सीडी कुणाकडे असायची? त्या एका चौकोनामुळे मराठी युनिकोड महाराष्ट्रात काही वर्षं उशिरा पोहोचलं, असं माझं ठाम मत आहे. अक्षरं तयार होती, फॉन्ट तयार होता, कळफलक तयार होता. अडलं ते बसवण्याच्या पायरीवर. पुढे व्हिस्टामध्ये ही सोय आधीपासूनच चालू ठेवली गेली आणि प्रश्न मिटला.

डॉसच्या दिवसांत बसवणं म्हणजे फ्लॉपीवरून फाइली उतरवून घेणं, एवढंच होतं. विंडोज आली आणि प्रोग्रॅम एकमेकांच्या फाइली वापरू लागले. या सामायिक फाइलींना डीएलएल म्हणतात. एका प्रोग्रॅमने बसताना स्वतःची जुनी डीएलएल दुसऱ्याच्या नव्या डीएलएलवर लिहिली, की दुसरा प्रोग्रॅम बंद पडे, आणि दोष कुणाचा हे कुणालाच कळत नसे. इन्स्टॉलर तेव्हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा कारभार होता. जॉर्डन रसेल यांचं इनो सेटअप 1997 मध्ये आलं. विनॅम्प हा गाण्यांचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या नलसॉफ्टने स्वतःसाठी बनवलेलं साधन एनएसआयएस नावाने सर्वांना खुलं झालं. ही दोन्ही आजही जोरात वापरात आहेत. मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये ऑफिस 2000 बरोबर 'विंडोज इन्स्टॉलर' आणला, आपल्याला दिसते ती एमएसआय फाइल त्याचीच. त्या फाइली बनवायला रॉब मेन्शिंग यांनी लिहिलेलं विक्स हे साधन 2004 मध्ये मुक्तस्रोत झालं. मायक्रोसॉफ्टमधून मुक्तस्रोत परवान्याखाली बाहेर पडलेला तो पहिला प्रकल्प.

एमएसआयमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्याआधीचा इन्स्टॉलर म्हणजे कृतींची यादी होती : ही फाइल उतरव, ती नोंद कर, हे पुसून टाक. एमएसआय म्हणजे एक छोटा डेटाबेस आहे. त्यातल्या तक्त्यांत शेवटी काय काय असायला हवं हे लिहिलेलं असतं आणि तिथवर कसं जायचं ते विंडोज ठरवते. त्यामुळे एक मोठी गोष्ट साधली : अर्ध्यावर थांबलं तर मागे फिरता येतं. बसवण्याचं काम चालू असताना विंडोज प्रत्येक बदलाची उलटी नोंद लिहीत जाते, आणि पुसलेल्या किंवा बदललेल्या फाइलींच्या प्रती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. सगळं नीट पार पडलं की त्या प्रती काढून टाकते. मध्येच बिघडलं तर त्याच नोंदी उलट्या क्रमाने वाचत संगणक पूर्वीसारखा करते.

येरमाळ्यात याची परीक्षा रोज होऊ शकते, कारण लाइट जाते. साठ टक्क्यांवर पट्टी असताना संगणक बंद झाला. लाइट आल्यावर पुन्हा सेटअप चालवला, तर विंडोज सांगते की आधीचं काम अर्धवट राहिलं आहे, ते आधी मागे घ्यावं लागेल. 'होय' म्हटलं की झालं. पण हे फक्त त्या कामांना लागू, जी विंडोजला माहीत आहेत. बनवणाऱ्याने मध्ये स्वतःचा कोड घुसवला असेल, म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर बसवायचा, एखादी सेटिंगची फाइल बदलायची, डेटाबेस तयार करायचा, तर तो कसा उलटवायचा हे विंडोजला कळत नाही. ते त्यानेच लिहून द्यावं लागतं. बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण त्यांच्या टेबलावर इन्स्टॉलर मध्येच कधी थांबतच नाही. त्यांच्याकडे यूपीएस आहे, जनरेटर आहे.

इन्स्टॉलरचं खरं दुखणं इथेच आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा संगणक हा इन्स्टॉलर तपासायची सगळ्यात वाईट जागा आहे. त्यात सगळं आधीच असतं. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहायच्या साधनामुळे सी प्लस प्लसच्या सर्व सहायक फाइली आलेल्या असतात. डॉट नेट या सहायक संचाच्या चार आवृत्त्या असतात. खातं अॅडमिनचं असतं. पुण्यात, हिंजवडीत प्रोग्रॅम सुरळीत चालतो. येरमाळ्यात पहिल्याच क्लिकला 'एमएसव्हीसीपी140 डॉट डीएलएल सापडली नाही' असा संदेश येतो. ती फाइल प्रोग्रॅमला लागते, हे बनवणाऱ्याला कधी कळायचं कारणच पडलेलं नसतं.

डॉट नेट 3.5 ची गोष्टही तशीच. विंडोज 10 मध्ये ती आवृत्ती तयार बसवलेली नसते. प्रोग्रॅमने मागितली की विंडोज ती नेटवरून उतरवू पाहते. शहरात दोन मिनिटांत होतं. हॉटस्पॉटवर अर्ध्या तासाने एररचा क्रमांक दाखवून थांबतं. ज्या इन्स्टॉलरने स्वतःबरोबर सगळं सामान आणलं आहे, ज्याला ऑफलाइन इन्स्टॉलर म्हणतात, त्याची फाइल मोठी असते, पण पेनड्राइव्हवर घालून नेता येते. खेड्यातल्या माणसाला उतरवायला छोटी आणि मग आतून तासभर नेट ओढणारी फाइल नको असते. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर बंधूंचं क्विक हील गावोगावच्या संगणकांत पोहोचलं. त्याचे अपडेट वेगळी फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हने दुसऱ्या संगणकावर नेता येतात. ज्याच्या घरी नेट नाही, त्याचा विचार कुणीतरी केला होता.

विंडोज 7 ची अडचण आणखी सूक्ष्म होती. 64 बिट विंडोज डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर चालवत नाही. या सह्या पूर्वी शा-1 पद्धतीच्या असत. ती पद्धत कमकुवत ठरल्यावर जग शा-256 कडे वळलं. पण विंडोज 7 ला नवी सही वाचता येण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा अपडेट बसलेला असावा लागे. ज्या संगणकात अपडेट कायमचे बंद करून ठेवले आहेत, आणि नेट वाचवायला अनेकांनी तसं केलं होतं, तिथे अगदी खरा, सही असलेला ड्रायव्हरही 'सही पटत नाही' म्हणून नाकारला जाई. यात कुणी खोटं नसे, यंत्रही चांगलं असे. तपासणीच्या यादीत 'अपडेट नसलेली विंडोज 7' ही एक ओळ असती, तर हे आधीच कळलं असतं.

आता एक गोष्ट अगदी जवळून पाहू. कुणीतरी हौसेने संगणकातल्या आपल्या खात्याला देवीचं 'येडाई' हे नाव देवनागरीत दिलं. विंडोज त्याच नावाचं फोल्डर बनवते आणि त्या खात्यापुरते बसणारे प्रोग्रॅम त्या फोल्डरमध्ये जातात. जुन्या धाटणीचे इन्स्टॉलर युनिकोड वापरत नव्हते. ते संगणकाच्या कोडपेजवर, म्हणजे भाषेगणिक ठरलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर, अवलंबून असत, आणि मराठीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेज कधी नव्हतंच. आपली भाषा विंडोजमध्ये थेट युनिकोडमधूनच आली. मग इन्स्टॉलर 'येडाई' वाचायला जातो तेव्हा त्याला पाच खुणा मिळतात : य, मात्रा, ड, काना, ई. पाचही त्याला ओळखता येत नाहीत आणि त्यांच्या जागी पाच प्रश्नचिन्हं येतात. विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. काम तिथेच संपतं. पडद्यावर 'फोल्डर तयार करता आलं नाही' एवढंच येतं. इनो सेटअपने 2019 च्या सहाव्या आवृत्तीत युनिकोड नसलेला पर्याय काढूनच टाकला, एनएसआयएसची तिसरी आवृत्तीही युनिकोड इन्स्टॉलर बनवते. तरी जुन्या साधनाने बनवलेले इन्स्टॉलर आजही फिरत आहेत. महाराष्ट्रात विकायच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची चाचणी देवनागरी नावाच्या खात्यात झालीच पाहिजे. ही मागणी भाषेच्या अभिमानापोटी नाही. आपलं नाव आपल्या लिपीत लिहिल्याबद्दल माणसाचं काम अडू नये, एवढीच ती आहे.

बसवण्याइतकंच काढणंही महत्त्वाचं, आणि तिकडे तर कुणी बघतच नाही. यात्रेत पाल टाकणारा चांगला दुकानदार जाताना खुंट्यांचे खड्डे बुजवून जातो. प्रोग्रॅमनेही तसंच जावं. पण प्रत्यक्षात सेवा चालू राहते, ड्रायव्हर मागे राहतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणलं की दोन आरडी सर्व्हिस एकाच वेळी चालू राहून गोंधळ होतो. याच्या उलट चूक आणखी वाईट : प्रोग्रॅम काढताना माणसाने साठवलेला हिशेब, ग्राहकांची यादी, तयार केलेले अर्जही पुसले जाणं. नियम सोपा आहे. इन्स्टॉलरने जे आणलं ते त्याने न्यावं, माणसाने जे लिहिलं त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

नव्या आवृत्तीच्या वेळी याची कसोटी लागते. एमएसआयमध्ये प्रत्येक उत्पादनाला 'अपग्रेड कोड' असतो, 128 बिटची एक लांब खूण. ती कधीच बदलायची नसते. नव्या माणसाने प्रकल्प हाती घेतला आणि नवीन खूण तयार केली, की विंडोजला नवी आवृत्ती म्हणजे वेगळाच प्रोग्रॅम वाटतो. मग यादीत एकच नाव दोनदा दिसतं आणि केंद्रचालक नेमकं चालू असलेलं काढून टाकतो.

विश्वासाचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. अनोळखी सेटअप चालवला की विंडोज निळ्या चौकटीत इशारा देते. फाइलवर सही आहे का आणि ती पूर्वी किती जणांनी वापरली आहे, यावरून विंडोज हे ठरवते. त्यामुळे नव्या, प्रामाणिक सॉफ्टवेअरलाही इशारा येतो. यावर फोनवरून मिळणारा सल्ला ठरलेला : 'अँटिव्हायरस बंद करा आणि रन एनीवे करा.' हा सल्ला देणं मी गुन्हाच मानतो. ज्या संगणकावर शेकडो लोकांचे आधार क्रमांक आणि बँकखाती उघडली जातात, त्याचं कुंपण उघडं ठेवायला आपण माणसाला शिकवतो आहोत. उद्या खोटा सेटअप आला की तो त्याच सवयीने त्यालाही 'रन एनीवे' म्हणेल.

खऱ्या कंपनीचा अपडेटही घात करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 27 जून 2017 रोजी युक्रेनमधल्या 'मीडॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा हल्ला पसरला. हल्लेखोरांनी अपडेट देणारा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. त्या सॉफ्टवेअरचा न्हावा-शेवाशी काही संबंध नव्हता. पण मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या समूहाकडचं न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरची नोंद माणसांनी हाताने करायची वेळ आली. मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. एका अपडेटची किंमत ही होती. म्हणून सही करण्याची किल्ली सांभाळणं, फाइल तयार होणारा संगणक वेगळा आणि बंदिस्त ठेवणं, अपडेट उतरल्यावर बसण्याआधी त्याची सही पुन्हा तपासणं, हा इन्स्टॉलर बनवणाऱ्याच्या कामाचा गाभा आहे.

तर मग तपासायचं कसं? व्हर्च्युअल मशीन हे मुख्य हत्यार. एका संगणकात दुसरा काल्पनिक संगणक चालवायचा, त्यात नुसती कोरी विंडोज टाकायची आणि त्या क्षणाची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवायची. इन्स्टॉलर चालवा, बघा, बिघडलं तर एका क्लिकमध्ये पुन्हा कोऱ्या स्थितीत या. असे वेगवेगळे संगणक तयार ठेवायचे : अपडेट नसलेला, साध्या खात्याचा, डिस्क भरलेला, तारीख चुकलेला, नेट तोडलेला, मराठी नावाचा, 1366 बाय 768 च्या पडद्याचा. त्या पडद्यावर अक्षरं मोठी केली की 'नेक्स्ट'चं बटण खाली गडप होतं, हे मोठ्या मॉनिटरवर काम करणाऱ्याला सुचत नाही. चालू कामात व्हर्च्युअल मशीन झटक्यात बंद करायचं, म्हणजे लाइट गेली. बसवण्याआधीच्या आणि काढल्यानंतरच्या फाइलींची व रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीची, यादी शेजारी ठेवून फरक बघायचा. फरक शून्य आला पाहिजे.

पण एका गोष्टीला व्हर्च्युअल मशीन पुरत नाही, ती म्हणजे यूएसबीला जोडलेलं खरं यंत्र. सैल झालेलं पोर्ट, लांब वायर, एकाच हबवर चार उपकरणं. त्यासाठी खरा, जुना संगणकच लागतो.

शिवाय इन्स्टॉलरने लॉग, म्हणजे प्रत्येक पायरीची नोंद, लिहिला पाहिजे आणि तो कुठे आहे ते पडद्यावर सांगितलं पाहिजे. 'एरर 1603' म्हणजे काहीतरी बिघडलं, यापलीकडे केंद्रचालकाला काही कळत नाही. लॉगमध्ये नेमकी ओळ असते. 'एरर 1618' तर चूकही नाही, दुसरं काहीतरी बसतं आहे, थोडं थांबा, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य मराठीत दाखवायला किती खर्च येतो? काहीच नाही. महाराष्ट्रात वापरायच्या सॉफ्टवेअरचे संदेश मराठीत हवेत, आणि ते भाषांतर यंत्राने ओतलेलं नको, केंद्रात बसणाऱ्याला वाचून दाखवून पक्कं केलेलं हवं.

या धंद्यातल्या तरुणांना माझी एक विनंती आहे. तुमच्यातले कितीतरी जण कळंब, वाशी, भूम, बार्शीकडचे आहात. पुढची आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती पेनड्राइव्हवर घ्या आणि सुटीला गावी जाल तेव्हा ओळखीच्या सेवा केंद्रात जा. चालकाला विचारून त्याच्या रिकाम्या वेळेत, त्याच्या संगणकाचा बॅकअप घेऊन, ती त्याच्याच हाताने बसवू द्या. तुम्ही काही बोलू नका, नुसतं बघा. तो कुठे थांबतो, काय वाचत नाही, कुठे तुमच्याकडे बघतो, ते लिहून घ्या. सोमवारी कामावर गेल्यावर ती यादी पहिली हातात घ्या. आणि केंद्र चालवणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच : सेटअप कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये सही कुणाची आहे ते बघा, अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारा, आणि बिघाड झाला तर फोटोबरोबर लॉगची फाइलही पाठवा.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. गावोगावच्या केंद्रांत ती अजून काही वर्षं चालणार आहे. तुमच्या तपासणीच्या यादीत तिला पहिली जागा द्या.